मारुतीकडे मागितलेला वारा

तीर्थस्वरूप कालिंदीवन्संना,

बागबाजारातून शकुनचा वाकून नमस्कार. साताऱ्याच्या गारठ्यात गुडघे काय म्हणतात? इथे आम्ही दोघं देवाच्या दयेनं ठीक. (ह्यांना सर्दी आहे, पण ती ह्यांच्या हट्टाची.)

आमचा ऋषभ तुमच्या पठारावर पवनचक्क्यांच्या नोकरीला लागला, तेव्हा मी ह्यांना विचारलं, वाऱ्याची वीज होते कशी? हे म्हणाले, "टेबलफॅन उलटा समज. आपण वीज घालून वारा घेतो, तिथे वारा पाती फिरवतो, पाती जनित्र फिरवतात, वीज निघते." मग वारा कुणाच्या हातात, हे कळायला मॅट्रिकही नको. पवनपुत्राच्या! श्रावणातल्या शनिवारी गंगेकाठच्या मारुतीला रुईची माळ घातली. (इथे बंगाली लोक शंकरासाठी रुईची फुलं घेतात, पानं फुलवाली टाकून देते, म्हणून मला फुकट मिळाली. मारुतीनं हरकत घेतली नाही.) म्हटलं, देवा, पोराला वारा देताना हात राखू नकोस.

त्यानं राखला नाही. ऋषभचा फोन, "आई, वादळ आहे, सगळ्या चक्क्या बंद!" म्हणे वारा दुप्पट झाला की वीज आठपट होते, पण एका हद्दीपर्यंतच. त्यापुढे मोडतोड नको म्हणून यंत्र आपणच पाती वळवून थांबतं. फार मंद वाऱ्यातही थांबतं. पात्यांवर धूळ, किडे बसले तरी वीज घटते. मी म्हटलं, मग ओल्या फडक्यानं पुसून घे ना. "आई, एकेक पातं आपल्या इमारतीहून लांब आहे!" पुढच्या शनिवारी मारुतीकडे जाऊन मध्यम वारा मागितला. देवही काय म्हणाला असेल!

आपली,
शकुन

ता. क. वन्सं, खरं सांगते. वाऱ्याच्या दिवसांत त्याला रजा नाही. वारा पडला की मिळेल. होळीपासून पोराचं तोंड पाहिलं नाही. इथल्या मारुतीला आता 'थांबव' कोणत्या तोंडानं म्हणू? तुमच्या मारुतीला तुम्ही सांगा, थोडे दिवस वारा पाड म्हणावं. ऋषभला कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच त्याचा फोन आला. वारा झकास, त्याची चक्की सगळ्यांत पुढे. इतका खुशीत बोलत होता की मला मध्ये बोलवेना. तेव्हा वरचं मारुतीला सांगू नका. त्याला एकदा जेवायला बोलवा, आणि वाळलाय की नाही ते खरं लिहा. मला बरं वाटावं म्हणून नको.