स्लॅबला पोषक हवामान

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ६.१०
काल संयोगिताचे वडील आमचे बांधकाम बघून गेले. म्हणाले, "स्लॅब पडला की लग्नाची सुपारी फोडू, पावणं." शुद्ध प्रयोग 'टाकला' असा आहे. 'पडला' अशुभ वाटते.
स्लॅबखालचे सेंटरिंग तयार. सिमेंटची साठ पोती खोलीत. उन्हात काँक्रीट तडकते, पावसात वाहते. म्हणजे हिवाळा. थर्मामीटर आणला. वेबसाइटनुसार २४ अंशांवर टाकायचा.

१९ नोव्हेंबर
दुपारी ३१. थांबलो. गँगवाला आकाराम म्हणाला, "मालक, स्लॅब टाकायचाय का त्येचा ताप बघायचाय?" त्याच्या पाटीवर 'सेंट्रीग' लिहिले आहे. अशा माणसाचे किती मनावर घ्यायचे?

१४ डिसेंबर
पहाटे ११ अंश. आता फार थंड. थंडीत सिमेंट उशिरा घट्ट होते.
संयोगिताचा फोन. "घरात कागलच्या स्थळाचं बोलाय लागल्यात. तू टाकतोस का न्हाई ते सांग की." मी सरासरी तापमान समजावले. फोन कट झाला. रेंज नसावी.

११ जानेवारी, रविवार
उद्या सकाळी दहाचा अंदाज २४. वारा नाही. आकारामला मेसेज केला. दोनदा तपासून.

१२ जानेवारी, सोमवार. सकाळी १०.००
२४.० अंश. बरोबर.

सकाळी १०.३०
गँग आली नाही. आकाराम फोनवर म्हणाला, "सोमवारी कोण स्लॅब टाकतंय व्हय? पोरं उपासाची. मटण कुणाला घालणार, थर्मामीटरला?"
स्लॅबच्या दिवशी गँगला मटण लागते हे एकाही वेबसाइटवर नव्हते.
आई म्हणाली, उद्या टाक की. उद्याचा अंदाज २७. घाईत निर्णय घेत नसतात.

२६ फेब्रुवारी
३५. हिवाळा अचानक संपला. आकाराम सेंटरिंगच्या प्लेटा काढून दुसऱ्या कामावर घेऊन गेला. एका अर्थी बरे. खाली हवा खेळती राहील.

९ एप्रिल
३८. आईने खोली झाडायला पोते सरकवायला सांगितले. सरकले, पण आतून दगड. साठही तशीच. हवेतली आर्द्रता मी मोजली नव्हती. बघायला आलेला आकाराम हातोड्याने एक ठोकून म्हणाला, "पडला की स्लॅब. साठ तुकड्यांत." आईने एक पोते धुणे धुवायला मागून घेतले.

१३ एप्रिल
संयोगिताच्या वडिलांनी लग्नाची पत्रिका आणून दिली. मुलगा कागलचा. शुद्धलेखनाच्या दोन चुका. जाताना म्हणाले, "यायचं बरं का, पावणं." रस्त्यात पत्ता विचारणाऱ्यालाही त्यांनी 'पावणं'च म्हटले.
चौकशी केली. मुलाचे घर पत्र्याचे आहे. पत्र्याला कुठलाही ऋतू चालतो.