खरा वाढदिवस माझाच

१ ऑक्टोबर
चौदा तारखेला मला पन्नास पूर्ण. यंदा वाढदिवस करायचा. एकदम सिम्पल. एक केक, चहा, आठ माणसं, बास. ताईला बोलावणार नाही. त्याचं मला काहीही वाटत नाही. मुद्दाम लिहून ठेवते.

२ ऑक्टोबर
नवरा म्हणाला, सख्खी बहीण आहे, आता तरी मिटवा. मी म्हटलं, मी कुठे पेटवलंय? बापाने दोघींना एकाच दिवशी शाळेत घातलं आणि दोघींची एकच जन्मतारीख ठोकून दिली, चौदा ऑक्टोबर. मास्तरांनी वर्ष तेवढं वेगळं लिहिलं. आई म्हणायची, एक पोरगी पानगळीत झाली, एक भर उन्हाळ्यात. कुठली कधी, ते तिला दर वेळी वेगळं आठवायचं. पानगळीतली मीच. माझा स्वभावच थंड. ताई उन्हाळ्यातली, तिचं डोकं बघा. तरी दोन वर्षांपूर्वी दोघींचा मिळून केक आणला, तर बाईने सगळ्या मेणबत्त्या एकटीने विझवल्या. म्हणाली, खरा दिवस माझा, तुझा कागदावरचा. त्या दिवसापासून बोलणं बंद.

५ ऑक्टोबर, दुपार
लॉन्ड्रीत इस्त्री करता करता आमंत्रणं उरकली. शेजारचा टेलर म्हणाला, बघतो वहिनी. कपडे धुणारी म्हणाली, बघते. आमचे मालक म्हणाले, बघू. सगळे नुसते बघणार. वाढदिवस आहे का सिनेमा? येतील. माणसं आधी भाव खातात.

८ ऑक्टोबर
ताई त्या टेलरकडेच काज-बटणं करते. तिनेही चौदालाच ठेवलंय, सहा वाजता. तीच माणसं. शुद्ध नक्कल! मी सहाचे पाच केले. दुपारी कळलं, तिने साडेचार केले. मी चार केले. नवरा म्हणाला, असंच चालू द्या, दात घासायच्या आधी केक कापाल. त्याच्याशी बोलणं बंद. जेवणापुरतं चालू.

१० ऑक्टोबर
चिडायचं नाही असं ठरवलं. साडेनऊपर्यंत पाळलं. मग ताई दारावरून मान वर करून गेली आणि इथे गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर जळाली. चूक तिची. इस्त्री माझ्या हातात होती एवढंच.

१२ ऑक्टोबर
मुलीचा फोन. म्हणाली, तुझ्याकडे आले तर मावशी रुसेल, मावशीकडे गेले तर तू. मी कुठेच येत नाही. मी म्हटलं, मी अजिबात रुसणार नाही. ओरडून म्हटलं, कारण रेंज नव्हती. तिने फोन ठेवला. तेही रेंजमुळेच.
केकची ऑर्डर दिली. सिम्पलच, पण वीस माणसांचा. आठाचा फार केविलवाणा दिसतो.

१४ ऑक्टोबर, दुपारी चार
खुर्च्या मांडल्या. नवी साडी. वारा सुटलाय, जिन्यात वाळकी पानं घसटतायत. दोनदा उठून दार उघडलं.

साडेचार
कोणी नाही. सगळे तिच्याकडे. जाऊ देत. मला मेली गर्दी आवडतच नाही.

पाच
नवरा म्हणाला, आपण दोघं कापूया का? म्हटलं, तुला कसली घाई?

साडेपाच
ताईकडे जाते. बघायला नाही, सुनावायला. माझी माणसं पळवते म्हणजे काय! केक सोबत नेते. इथे ठेवला तर नवरा बोटं घालेल.

१५ ऑक्टोबर
काल ताईचं दार ढकललं. बारा खुर्च्या रिकाम्या आणि मध्ये ती एकटी, नव्या साडीत. पुढ्यात केक, तोही वीस माणसांचा. मला बघून म्हणाली, तुझ्याकडे मेळा भरलाय ना, मग इथे काय मिरवायला आलीस? मी म्हटलं, कसला मेळा, घरात नवरा आणि एक माशी. ती हसली. मीही हसले, पण कमी.
दोघी तरातरा टेलरकडे गेलो. दुकान बंद, आतून कडी. ताईने लाथ घातली. टेलर दार उघडून म्हणाला, कुणाची बाजू घ्यायला नको म्हणून आम्ही सगळे कुठेच गेलो नाही. ताई म्हणाली, वा रे शहाणा! त्यानेच मग फोन करून सगळ्यांना ताईच्या घरी गोळा केलं. मालक आले, धुणारी आली, नवरा आला. मुलगी सगळ्यांच्या शेवटी आली, आधी दोघींची तोंडं बघितली आणि मगच चपला काढल्या. दोन केक, चहा चार वेळा. टेलर गायला. बरा गातो, पण थांबत नाही.
सगळे गेल्यावर ताई कप विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, पन्नास झाली तुला. घे, पानगळ तुझी. मी उन्हाळ्यात करीन.
जिंकले! अगदी तिच्या तोंडून. मी कप पुसत राहिले. पुढच्या वर्षी याच दिवशी मी माझ्या घरी केक कापतेय आणि ती तिच्या घरी बटणं लावत बसलेली, असं उगाच डोळ्यांपुढे आलं.
म्हटलं, काही नको. उन्हाळ्यात क्रीम टिकत नाही.