पायली सरळ आहे तोवर

५ जाने., सोमवार
कायदाकोशातली ‘असाइझ’ या शब्दाची नोंद लिहायचं काम माझ्या मित्राकडे, दिगूकडे गेलं. कोशाच्या संपादकबाईंनी अकराला फोन करून पक्कं सांगितलं. “तुमचा मसुदा वाचनीय आहे, पण बातमीसारखा वाटतो. कायद्याचा माणूस हवा.” दिगंबरनं लॉ कॉलेजात शिकवलं, म्हणून तो कायद्याचा. मी जन्मभर कोर्टाच्या बातम्या दिल्या, म्हणून मी कोर्टाच्या व्हरांड्यातला.
वर समजूत: “मजकूर तपासायला तुमच्याकडेच येईल. तुमच्या सहीशिवाय पान छपाईला जाणार नाही.” बरं म्हणालो. आवाज चांगला ठेवला.

६ जाने.
दिगू नेहमीसारखा पाचला चहाला. पेढे घेऊन. “वहिनी, आधी तुम्ही.” कुसुमनं दोन घेतले. पेढा चांगला होता, त्याचाही राग आला.
शब्द त्याला कितपत कळलाय बघावं म्हणून छेडलं. सगळं बिनचूक सांगितलं. मध्ययुगीन इंग्लंडात असाइझ म्हणजे आधी नुसतं बसणं, राजा आणि सरदार एकत्र बसले ते. मग बसून जे ठरलं तेही असाइझ. मग पावाचं वजन किती, दारूचा भाव काय, हा नियम. पुढे खुद्द मापालाच तो शब्द लागला. आणि न्यायाधीश गावोगाव जाऊन बसत, त्या कोर्टांनाही.
माझ्याच मसुद्यातला क्रम. क्रम माझा नाही, शब्दाचा आहे, हे कळतं. तरी.

९ जाने., शुक्रवार
पेपरातला माझा स्तंभ सहापर्यंत द्यायचा होता. आतल्या खोलीत टाइप करत बसलो. बाहेर दिगू आणि कुसुम, तासभर. तो विचारतोय, ती सांगतेय. दोनदा हसली. माझ्या विनोदांना हसते तसं नाही, मोठ्यानं.
शेवटचं वाक्य तीनदा लिहिलं. बाहेर आलो तर दिगू वही मिटत होता.
“काय चाललंय?”
“काही नाही रे. वहिनींच्या माहेरच्या गोष्टी.”
तिच्या माहेरचं मला काय ठाऊक? वडील सोनपेठच्या बाजारात मापाडी, लोकांचं धान्य मोजून द्यायचे. धाकटा भाऊ भानुदास, शेती बघतो. चहाला गूळ. यादी संपली.

१२ जाने., सोमवार
दिगूचा मजकूर आला. चार पानं. तीन पानं लॉ कॉलेजची, बाकावर डुलकी लागेल अशी. चौथ्या पानावर एक परिच्छेद, आणि तिथं माणूस सरळ होऊन बसतो.
सारांश असा: परभणी जिल्ह्यातल्या एका बाजारगावी वाद झाला की मापाडी आपली धान्य मोजायची लाकडी पायली लोकांच्या मधोमध ठेवी, तोंड वर करून. सगळे बसत. पायली सरळ आहे तोवर बोलणं चालू. कुणी मध्येच उठला तर त्याचा शब्द बाद. सगळ्यांचं जमलं की मापाडी पायली उपडी घाली. मग ते ठरलं. मजुराला धान्य शीग लावून, म्हणजे वर रास ठेवून द्यायचं आणि व्यापाऱ्याला सपाट, हा नियमही असाच बसून ठरलेला. लोक नियम म्हणत नसत, ‘बैठक’ म्हणत. “आमच्याकडं तशी बैठक हाय.”
इंग्लंडचा शब्द समजावायला याहून चांगलं काही मिळणार नाही. खाली बारीक अक्षरात: ‘एका जाणत्या गृहिणीकडून समजले.’
गृहिणी! माझ्या घरातली.

१४ जाने., संक्रांत
परिच्छेदाशेजारी पेन्सिलीनं लिहिलं, ‘आधार?’ तेवढं पुरतं. एकच तोंडी साक्ष, नाव नाही. संपादकबाई तेवढाच भाग काढतील आणि नोंद परत झोपी जाईल. कुणाला गैर म्हणता येणार नाही. मीसुद्धा तरुण पोरांच्या बातम्या अशाच अडवल्यात.
कुसुमनं तिळगूळ देताना पान पाहिलं. वाचलं. पेन्सिलही पाहिली.
“खोटं सांगितलं का मी?”
“तसं नाही. दोन आधार लागतात.”
“मग सोनपेठला जा. भानुदासला विचारा.” वाटी घेऊन वळली. “या वेळी घाईत परत येऊ नका.”
या वेळी म्हणजे?

१६ जाने., शुक्रवार
सोनपेठ. सकाळची एसटी. वाटेत मनात एकच: गोष्ट खोटी निघावी. स्वच्छ लिहून ठेवतो.
भानुदासनं पायली माळ्यावरून काढून समोर ठेवली. काठाला पितळी पट्टी, बूड झिजलेलं. गोष्ट अक्षर न् अक्षर खरी. शेजारचे एक म्हातारे आले, न विचारता त्यांनीही तेच सांगितलं. दोन नाही, तीन आधार झाले. उठायला लागलो.
“बसा की दाजी. तवाबी असेच उठले होते.”
“कधी?”
“आता बघा! तुमच्या सोयरिकीच्या बैठकीला. हीच पायली मधी ठेवलती. सव्वाचारच्या गाडीत बातमीचं पाकीट द्यायचं म्हणून तुमी उठून पळाले. आठवत न्हाई?”
पाकीट आठवतं. कंडक्टरचा चेहरासुद्धा आठवतो. पायली नाही.
“मग?”
“मग काय, नवरदेवच उठला! लोक म्हनले, मोडली बैठक. आमचे आप्पा पायलीला हात लावायला तयार न्हाईत. तुमचे वडील खाली मान घालून. तवा अक्का आतून आली अन् तुमच्या जागेवर बसली. बायामान्सं बैठकीत बसत नसत, दाजी. म्हनली, ‘ही जागा रिकामी हाय का? मंग उठलं कोन?’ मंग आप्पांनी पायली उपडी घातली.”
“मला कुणी सांगितलं नाही.”
“तुमी वापस आले तवा जेवनं चालू होती. तुमी ईचारलं, ‘ठरलं का?’ आमी म्हनलं, ठरलं.”
पायली मागून घेतली. येताना मांडीवर. कंडक्टर म्हणाला, “काका, पाव्हनीचं तिकीट?”

१७ जाने., शनिवार
कुसुमनं पायली पुसली. आतून वास घेतला.
मीच विचारलं. आधी जे विचारायला हवं होतं ते नाही, दुसरंच. “त्या दिवशी माझ्या जागेवर बसलीस, ते दिगूला सांगितलंस?”
“त्यांनी बाजाराचं विचारलं, बाजाराचं सांगितलं.”
“आणि मला? इतक्या वर्षांत?”
“तुम्ही आजवर काय विचारलं होतं?”
तरी ही गोष्ट दिगूकडे नाही, एवढ्यानं बरं वाटलं. हलकं समाधान, पण झालं. लगेच डोक्यात जुळणीही सुरू: ही गोष्ट परिच्छेदाच्या जागी, खाली माझं नाव. कुसुमनं चेहरा वाचला असावा.
“माझी बैठक तुमच्या नावानं छापायची नाही. त्यांच्याही नाही.”
मग म्हणाली, “गृहिणी म्हणे. बारशाला नाव ठेवलंय मला.”

१८ जाने., रविवार
पान उद्या बारापर्यंत जायला हवं. ‘आधार?’ अजून तसंच आहे. सकाळपासून खोडरबर दोनदा उचलला. परिच्छेद राहिला तर कोशभर दिगूचं कौतुक होणार, हे गिळवत नाही. काढला तर तिची गोष्ट जाईल. तिचं नाव घालायचं तर नोंद दिगूची, त्याची संमती लागेल, आणि मागायची मला.
दुपारी कुसुमनं स्वतःच दिगूला फोन लावला. “भावजी, पाचला या. पेढे नकोत. वेळ घेऊन या.”
सोनपेठमुळे राहिलेला माझा स्तंभ आज सहाला जायचा आहे. तिला सांगितलं. ती म्हणाली, “बघा मग.”
चटईवर तीन जागा मांडल्यात. दिगूचं पान, पेन्सिल, मधोमध पायली. सरळ. पावणेपाच झालेत, फाटक वाजलं. ऑफिसला फोन करून सांगतो, आज उशीर होईल.