धुळ्याच्या नानखटाया

पचमढी, १९ मे १९८८

ती. अक्कास शकूचा जयभीम.

आम्ही सुखरूप पोचलो. लग्नानंतर नऊ वर्षांनी का होईना, यांनी फिरायला आणलं. हवा छान गार आहे. काल धबधब्यापाशी फोटो काढला. सोनू माझ्यावाचून तुला त्रास देत नाही ना? आईचे गुडघे कसे आहेत?

मी भट्टीवरून भाजून आणलेल्या नानखटाया घाईत घरी सावद्यालाच राहिल्या. मी हळहळले, तेव्हा यांनी स्वतःच्या बॅगेतून डबा काढला. धुळ्याच्या बाजारातून घेतल्या म्हणाले.

अक्का, भट्टीत सगळ्या बायकांचे ट्रे एकत्र लागतात, म्हणून आपण आपापल्या नानखटायांवर खूण करतो. तू वाटीची कोर उमटवतेस, मी काडीने फुली मारते. या डब्यातल्या एकेकीवर नक्षीच्या बांगडीचा ठसा होता. विकायच्या मालावर कोण बांगडी दाबत बसेल?

नोकरीपायी आठवडाभर हे जिथे राहतात, ती धुळ्याची खोली मी अजून पाहिलेली नाही. लहान आहे, तुला करमणार नाही, म्हणतात.

आईला यातलं काही सांगू नकोस.

एक खाल्ली मी. माझ्यापेक्षा खुसखुशीत होती.

तुझी,
शकू