डोक्यावरची सॅक

याडी, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच तुला लिहायला बसले आहे, कारण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगितली तर बढाई वाटेल. तशी ती बढाईच आहे, पण आई म्हणून तू ऐकून घेशील. मी राजस्थानातलं वाळवंट पायी तुडवून आले. पन्नाशी उलटलेली तुझी लेक, यवतमाळच्या शाळेतली मास्तरीण, पाठीवर सॅक घेऊन अनोळखी लोकांसोबत कितीतरी दिवस चालली. निघताना तुझा नातू हसला होता, "आई, भाजी आणाले बी तू ऑटोनं जातं!" तेव्हाच ठरवलं, काही झालं तरी अर्ध्यातून परतायचं नाही.

तिथले दिवस सगळे सारखेच, तरी कंटाळा येत नाही. उजाडायच्या आधी थंडीने आखडलेल्या बोटांनी तंबू गुंडाळायचा, बुटातली वाळू झटकायची, बाटल्या भरायच्या आणि ऊन चढायच्या आत जमेल तेवढं चालून घ्यायचं. दुपारी एखाद्या खेजडीच्या झाडाच्या विरळ सावलीत सगळे दाटीवाटीने बसतो, सावली सरकली की आम्हीही सरकतो. संध्याकाळच्या वरणभातात वाळू असतेच. आधी निवडत बसायचो, मग मुकाट गिळू लागलो. तू सांगायचीस, आपले जुने लोक बैलांवर मीठ नि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. मला ती नुसती गोष्ट वाटायची. वाळूत पाय घोट्यापर्यंत रुतायला लागले तेव्हा पटलं, ती माणसं खरी होती आणि माझीच होती. फार अभिमान वाटला गं.

आणि मग एका दुपारी माझ्या सॅकचा पट्टा खांद्यापाशी उसवला. दोरीने बांधून पाहिला, तर दोरी खांद्यात रुतायला लागली. आमची लीडर पुण्याची, माझ्या मुलाच्याच वयाची, मायाळू पोरगी. म्हणाली, "काकू, पुढच्या मुक्कामी पाण्याची जीप येईल, तिच्यातून तुम्ही परत जा. वाईट वाटून घेऊ नका." वाईट कसलं, माझं डोकंच सणकलं. आणि त्या रागातच मला लहानपणीचं, बाभुळगावजवळचं आपलं शेत दिसलं. वेचणी चालली आहे, माझ्या डोक्यावर कापसाचं गाठोडं आहे, मी पायाखाली बघत चालते आणि गाठोडं धपकन मातीत पडतं. तांड्यात आपण आपली गोरबोलीच बोलायचो, पण शेतात तू मला मुद्दाम वऱ्हाडीत झाडायचीस, सगळ्या बायांना कळावं म्हणून. "पायाकडे काहून पाहून राह्यली? पायाले रस्ता मालूम हाय. मान सरळ ठेव, दूर पाह्य!" मग स्वतःच्या डोक्यावरची चुंबळ काढून तू माझ्या डोक्यावर नीट बसवलीस.

मी ओढणी पिळली, गोल गुंडाळून चुंबळ केली, तिच्यावर सॅक ठेवली आणि लांबच्या टेकाडाकडे बघत निघाले. पहिली काही पावलं हात सॅकला होता, मग सोडून दिला. मागून पोरगी ओरडली, "काकू, पडाल!" मी मान न वळवता म्हणाले, "पडत नाही बाप्पा, तू ये माझ्या मागून." संध्याकाळी जीप आली, पाणी उतरवून रिकामीच परत गेली. मी शेवटच्या मुक्कामापर्यंत चालले. तिथला माझा फोटो तुझा नातू आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो.

हे पत्र पाठवू कुठे, आणि तुला तरी वाचता कुठे येत होतं! घडी करून त्या ओढणीतच ठेवते. एक मात्र सांगायचं राहिलं. जीप गेल्यावर लगेच त्या पोरीने जीपवाल्याकडून मागून घेतलेल्या सुईदोऱ्याने पट्टा पक्का शिवून दिला होता. तरी पुढचे सगळे दिवस मी सॅक डोक्यावरच घेतली. गरज नव्हती गं. कुणीतरी विचारावं, हे कुणी शिकवलं, एवढ्यासाठीच.