खिडकीकडचं लेथ

२ सप्टेंबर
आज कॉलेजच्या यंत्रकामाच्या वर्गाचा पहिला दिवस. मोज्यांचा कारखाना ओहायोतून उठला तेव्हा जो तो म्हणाला, लोरेटा, वृद्धाश्रमात काम बघ. मी म्हटलं, आईची सेवा केली तेवढी पुरे, आता लोखंड कापणार. डब्यात पिअरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, अशी थाटात गेले. स्टेंगेल मास्तरांनी मायक्रोमीटर हातात दिला, यात केसाची जाडीही मोजता येते म्हणाले. मी स्वतःचाच एक पांढरा केस उपटून मोजला. सगळा वर्ग हसला. मजा आली.

५ सप्टेंबर
खिडकीकडच्या लेथवर, म्हणजे धातू गोल फिरवून कापायच्या यंत्रावर, उजेड छान पडतो, तरी तिथे कोणी उभं राहत नाही. मी राहिले. रस्टी नावाचा दाढीवाला पोरगा म्हणाला, काकू, ते सोडा, ते वॉल्टरचं आहे. वॉल्टर इथेच शिकत होता. सैल बाही लेथच्या फिरत्या चकमध्ये, धातू धरणाऱ्या जबड्यात, गुंतली, हात खांद्यापर्यंत ओढला गेला. वाचला नाही. मी म्हटलं, वाईट झालं, पण त्याला आता उजेड कशाला हवा?

११ सप्टेंबर
पहिला जॉब, म्हणजे कापायला दिलेला पितळेचा तुकडा, अगदी मापात उतरला. मास्तर खूश. मग एकदम ओरडले, बाही आवर, जीव जाईल. पाहते तर उजवी बाही मनगटापर्यंत उतरलेली, बटणही लावलेलं. मी लावलं नव्हतं.

१८ सप्टेंबर
आज बघत राहिले. दुमड आपोआप सुटत गेली. मनगटावर थंड बोटं लागली, दिसली नाहीत. बटण काजात शिरलं. मी ते तोडून लेथवर आपटलं. म्हटलं, घे, ठेव तुझ्यापाशी.

१९ सप्टेंबर
मास्तर दुसरं लेथ देतो म्हणाले. याआधीही लोक वर्ग सोडून गेलेत, त्यात लाज नाही म्हणाले. मी नकार दिला. जन्मभर कोणी ना कोणी मला जागेवरून उठवतच आलंय. आता मेलेल्यानेही उठवायचं?

२४ सप्टेंबर
बिनबाह्यांचा शर्ट घालून गेले. तरी मनगटाला कापड लागत होतं. कातडीवर शिवणीचे वळ उठले. लेथचं बटण दाबलं नव्हतं, तरी चक फिरलं. हळू.

२६ सप्टेंबर
मास्तरांनी लेथची वायर काढली. उद्या दुपारी लेथ भंगारात जाणार. माझा परीक्षेचा जॉब चकमध्येच अडकलाय. तो घेतल्याशिवाय मी हलत नाही, असं तोंडावर सांगून आले.

२७ सप्टेंबर
सगळे जेवायला गेलेत. मी लेथसमोर बसलेय. लेथ फिरवणारा पट्टा काढून मांडीवर घेतलाय. चक तरीही फिरतंय —

फिरू दे. जॉब माझा आहे —

बाही आता दिसतेय. राखाडी, तेलकट. माझ्या दंडातून उगवल्यासारखी खाली — टोक चकमध्ये गेलं —

उजव्या हातात पेन, डाव्या हातात कात्री आहे. कापतेय. कापली की पुन्हा —

ओढ लागली. वॉल्टर, ऐक. मी उठणार नाही. मी उठणार —