माझ्याच अक्षरातला केसपेपर

४ फेब्रुवारी

परदेशातल्या प्रयोगशाळेशी पहिली बैठक. पडद्यावर सात चौकोन. सहांत विद्वान, सातव्यात मी — निम्मं कपाळ आणि छताचा पंखा. तासभर! बायको दारातून खुणा करत होती. मला वाटलं, कौतुक चाललंय.

आजार रक्ताचा, आईवडिलांकडून मुलांत उतरणारा, दुर्मिळ. प्लेटलेट्स मोजल्या तर भरपूर, पण रक्त थांबवायला एकमेकींना चिकटतच नाहीत. साध्या तपासणीत काही दिसत नाही आणि अंगावर उगाच निळे डाग उठतात. तिकडच्या प्रमुख बाई म्हणाल्या, तुमचे जुने, निदान न झालेले रुग्ण शोधा. मी छाती फुगवून सांगितलं, माझ्याकडे तसे फारसे नसतात.

९ फेब्रुवारी

शोधनिबंधावर माझं नाव बारावं. बायको म्हणते, "बारावा खेळाडू पाणी नेऊन देतो ना?" तिच्याशी बोलणं बंद. चहापर्यंत.

१३ फेब्रुवारी

रेकॉर्ड रूममध्ये दिवसभर शिंका. बावीस वर्षांपूर्वीचा एक केसपेपर सापडला. मुलगी, वय पाच. पाठीवर, मांड्यांवर निळे डाग. प्लेटलेट्स भरपूर. खाली माझं अक्षर, नेमकं तेवढंच सुवाच्य — "वडील मारत असावेत. मुलीला काही महिने मामाकडे ठेवावे." पुढच्या पानावर — "मामाकडेही डाग. मुलगी धडपडी दिसते."

धडपडी! उंटावरचा शहाणा तो मीच. जेवण गेलं नाही.

१४ फेब्रुवारी

केसपेपर होता तिथे ठेवून आलो. संध्याकाळी जाऊन परत आणला.

२० फेब्रुवारी

पत्ता अजून तोच निघाला. वडील मुलीला घेऊन आले. आता सत्तावीस वर्षांची आहे. आई आली नव्हती. मुलीचं रक्त घेतलं, तिकडे पाठवलं. "संशोधन आहे, बाकी काही नाही," म्हणालो. वडिलांनी मला ओळखलं नसावं — केस गेलेत, पोट आलंय. हुश्श!

मग स्वतःचीच लाज वाटली.

११ मार्च

अहवाल आला. तोच आजार. तिकडच्या बाई खूश — माझं नाव बाराव्यावरून सहावं! बायकोला सगळं सांगितलं. तिने थट्टा केली नाही, हे जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "पोस्टाने पाठवणार की स्वतः जाणार?"

मी म्हटलं, पोस्ट हल्ली फार चांगलं झालंय.

१२ मार्च

स्वतः गेलो. दारातच भडाभडा बोललो — तेव्हाचा डॉक्टर मी, चूक माझी, तुमची काही नव्हती. वडील म्हणाले, "त्या दिवशीच ओळखलं होतं तुम्हाला." अहवाल घेतला. पाहिला. परत माझ्या हातात दिला.

"मोठ्यानं वाचा, डॉक्टर. बायको आत आहे. तिला अजून वाटतं, मी मारायचो."